आमची वाटचाल : अल्बममधलं पहिलं पान

तोक्योच्या निशिकासाईत मराठी घरं बरीच, आणि बहुतेक सगळी आयटीतली. माझा नवराही त्याच कामासाठी इथे आला. मी मात्र पुण्यात वडिलांच्या ट्रेडल छपाईयंत्राशेजारी वाढलेली. त्यामुळे जवळचा एक जुना छापखाना बंद होतोय असं कळलं, तेव्हा त्यांचं तेकिन, म्हणजे हाताच्या दांड्याने चालणारं छोटं यंत्र, मी सरळ विकत घेतलं. सोबत तिथले म्हातारे जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे (सुटी अक्षरं) जुळवणारे, तेही आले. आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. जपानी खिळ्यांचे खाने किती असतात हे छापखानेवाल्यांना सांगायला नको; आजोबांचा हात न बघता नेमक्या खान्यात जातो.

व्हिजिटिंग कार्ड म्हणजे मेइशी, ९१ बाय ५५ मिलिमीटर. कंपन्यांच्या कार्डांवर आमचं घर चालायचं. ती वर्षं नीट गेली.

मग एक होरिशी आले. दांड्याला सुयांचा जुडगा बांधून हाताने गोंदणारे, जुन्या वळणाचे. स्टुडिओ एका साध्या इमारतीत, दारावर पाटी नाही. गिऱ्हाईक ओळखीनेच येतं, त्यामुळे कार्ड हीच पाटी. मी हौसेने ड्रॅगनचं चित्र काढून नेलं होतं. त्यांनी ते नीट पाहिलं, कौतुक केलं आणि बाजूला ठेवलं. कार्डावर फक्त गुरूंनी दिलेलं नाव, गुरूंच्याच अक्षरात, उभं. डाव्या कडेला फोन नंबर. बस. गोंदण शरीरावर जिथे संपतं त्या काठाला ते मिकिरी म्हणतात. तो सरळ कापलेला असतो, पिओनीच्या पाकळ्यांसारखा गोलसर असतो, किंवा पहाटेसारखा विरत जातो. हे त्यांनी आम्हाला चित्रांवर बोट फिरवून दाखवलं आणि म्हणाले, काठ आधी ठरवा, मग नाव ठेवा. नाव आम्ही दोनदा सरकवलं.

खरी परीक्षा शाईची. पहिलं प्रूफ निव्वळ काळ्यात काढलं होतं. त्यांनी बाही वर केली आणि कार्ड स्वतःच्या हातावरच्या जुन्या गोंदणाला लावून धरलं. कातडीखाली गेलेली काळी शाई निळसर दिसते. आमचा काळा तिच्याशेजारी कोरडा वाटत होता. आजोबांनी काचेवर काळ्यात निळीचा कण घेतला, पात्याने घोटला, प्रूफ काढलं. पुन्हा कण, पुन्हा प्रूफ. कागद एचिझेन भागातला, कोझो झाडाच्या सालीचा, हाताने केलेला. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, म्हणून यंत्रात कार्डामागे जे पॅकिंग असतं त्याला एकेक पातळ कागद लावत बसावं लागलं.

नव्या डिझायनर मुलांना इथे एक सांगते. ठसा खोल उमटला म्हणजे काम भारी, हे डोक्यातून काढा. जुने कारागीर कार्ड उलटं करून पाहतात. पाठीवर ठसा जाणवला तर दाब जास्त. आणि कागद स्क्रीनवर बघून ठरवू नका. तोक्योतल्या कान्दा भागातल्या कागदाच्या दुकानात जा, बोटांनी निवडा.

ते कार्ड मी नमुन्यांच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर लावलं. आमच्याच भागातल्या एका छापखानेवाल्याने कुठूनतरी त्याची प्रत मिळवली आणि २०१९ च्या शेवटी आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीला नेऊन दाखवली. बोलला काय, तर ही बाई याकुझांची, म्हणजे गुन्हेगारी टोळ्यांची, कामं करते. गोंदण म्हटलं की इथे अनेकांच्या मनात याकुझाच येतात. जपानी कंपनीच्या करारात समाजविघातक टोळ्यांशी संबंध नसल्याचं कलम असतंच, तेवढं पुरलं. आमच्याकडून लेखी खुलासा मागितला. मी दिला, शिक्का मारून. तरी ऑर्डर थांबली, आणि पुढच्याच महिन्यात ती त्याच माणसाकडे गेली. घरमालकाने विचारणा केली ती वेगळीच. माझा राग आजही गेलेला नाही. कामात हरवून गिऱ्हाईक नेलं असतं तर मी काही बोलले नसते.

होरिशींना कळलं तेव्हा ते स्वतः दुकानात आले आणि म्हणाले, माझं कार्ड अल्बममधून काढा. मी काढलं नाही. या कलेवर १८७२ पासून १९४८ पर्यंत सरकारी बंदी होती, तरी ती हातातून हातात चालत आली. माझ्या दुकानातून ती मी बाहेर काढणार नव्हते.

वर कोरोना आला. लोक समोरासमोर भेटेनात, मग मेइशी कोण देणार? कंपन्यांची कामं जवळपास शून्यावर आली. आजोबांचा पगार देण्यासाठी मी बांगड्या मोडल्या. होरिशींनी मात्र आधीची कार्डं संपायच्या आतच पुन्हा ऑर्डर दिली, आणि ओळखीच्या दोघांनाही पाठवलं. सप्टेंबर २०२० मध्ये गोंदणं म्हणजे वैद्यकीय कृत्य नव्हे, त्याला डॉक्टरचा परवाना लागत नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. त्यानंतर आणखी काही जण आले. नाव उभं, काठ मोकळा, शाई निळसर काळी. त्या हिवाळ्यात यंत्र चाललं ते या कार्डांवर.

हल्ली शिष्यांची कार्डंही करतो. गुरूने नाव दिल्याशिवाय शिष्याचं कार्ड छापायचं नाही, हा आमचा नियम आहे. कोणी आगाऊ मागितलं तरी आजोबा ठसा करायला घेत नाहीत.

मागे त्या कंपनीचा माणूस पुन्हा दर विचारायला आला होता. मी अल्बम समोर ठेवला, पहिलं पान उघडून. त्याने ते पाहिलं, दर लिहून घेतला आणि गेला. ऑर्डर अजून आलेली नाही. दर मी कमी केलेला नाही.