अँटिबायोटिक: ऑर्डरमध्ये न लिहिलेलं

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर गेला की वॉर्डात खाटेखाटेला आरएल (रिंगर लॅक्टेट, कॅल्शियम असलेलं सलाईन) लटकलेलं दिसतं. त्यातच कुणाला ताप भरला की ऑर्डर येते: सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम, १२ तासांनी. नाव, मात्रा आणि वेळ कागदावर आली. औषध कशात विरघळवायचं, किती मिनिटांत सोडायचं, नळीतून आधी काय जात होतं, हे मात्र खाटेपाशी उभ्या असलेल्या सिस्टर-ब्रदरनेच बघायचं असतं. त्यासाठी औषध कुठल्या गटातलं आहे ते ठाऊक हवं.

सेफ्ट्रियाक्सोन हे सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिक गटातलं. आरएलमधल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की बारीक पांढरा साका धरतो. आरएलचा रोलर बंद करून वरच्या पोर्टमधून इंजेक्शन ढकलण्याची सवय म्हणूनच वाईट, कारण नळीत आरएल उरलेलंच असतं. आरएल थांबवा, १० मिली एनएसने (नॉर्मल सलाईन, साधं मिठाचं सलाईन) लाइन धुवा, औषध द्या, पुन्हा धुवा आणि मगच आरएल जोडा. मोठ्या माणसात एवढ्याने भागतं. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियम असलेलं सलाईन चालू असेल किंवा लागणार असेल, तर सेफ्ट्रियाक्सोन द्यायचंच नाही. दुसऱ्या हाताला वेगळी लाइन आहे, ही सबबही तिथे चालत नाही.

१ ग्रॅमच्या वायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) १० मिली स्टराइल वॉटर घालून ते १०० मिली एनएसमध्ये मिसळलं आणि अर्ध्या तासात सोडलं की बरं. २० थेंबांना १ मिली असा सेट असेल तर मिनिटाला साधारण ६७ थेंब पडतात. कमरेत द्यायच्या इंजेक्शनसाठी लिग्नोकेनमध्ये (जागा बधिर करणाऱ्या औषधात) विरघळवलेली वायल शिरेत कधीच जाता कामा नये.

नंदुरबारकडच्या वॉर्डांत आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवावी. सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांमध्ये सेफ्ट्रियाक्सोननंतर रक्तपेशी झपाट्याने फुटल्याच्या नोंदी आहेत. प्रकार दुर्मीळ, पण जिवावर बेतणारा. डोसनंतर मूल एकाएकी पांढरंफटक पडलं, पाठ दुखते म्हणालं किंवा लघवी गडद झाली, तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना बोलवा.

पेनिसिलिनच्या घराण्यात (अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम) पहिला प्रश्न ॲलर्जीचा. ‘ॲलर्जी आहे का?’ असं विचारलं तर उत्तर हमखास ‘नाही’ येतं. ‘कुठल्या गोळीने किंवा सुईने अंगावर गांधी उठल्या होत्या का? ओठ सुजले, दम लागला असं झालं होतं का?’ असं विचारा. टेस्ट डोसने (आधी थोडंसं औषध टोचून बघण्याने) काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, पूर्ण डोसला रिॲक्शन येऊ शकते. ॲड्रेनॅलिन ट्रॉलीवर, हाताशी हवं. मोठ्या माणसाला १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, गरज पडल्यास ५ मिनिटांनी पुन्हा. ॲव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) नंतर. पुष्कळदा क्रम नेमका उलटा होतो.

अमिकासिन, जेंटामायसिन म्हणजे अमिनोग्लायकोसाइड. यांचा राग मूत्रपिंडावर आणि कानावर. उन्हात कापसाच्या रानात राबून सुकलेला माणूस दाखल होतो तेव्हा मूत्रपिंड आधीच ताणाखाली असतं. लघवी अंदाजाने न लिहिता मोजून लिहा, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट डोसच्या आधी बघा, सोबत फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) चालू असेल तर दुप्पट लक्ष ठेवा. अहिराणी बोलणाऱ्या आजोबांना ‘कानमा आवाज येस का?’ असं रोज विचारावं. आणि हे औषध पेनिसिलिनबरोबर एका सिरिंजमध्ये किंवा एका बाटलीत भरू नका, त्याचा जोर मरतो.

व्हॅन्कोमायसिनला घाई चालत नाही. मिनिटाला १० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे १ ग्रॅमला किमान १०० मिनिटं. २५० मिली एनएसमध्ये घातलं तर मिनिटाला ५० थेंब. पुढच्या खाटेची घाई म्हणून रोलर सैल सोडला की चेहरा, मान, छाती लालबुंद होते, खाज सुटते, कधी बीपीही उतरतं. ही बहुतेक वेळा वेगाची शिक्षा असते, ॲलर्जी नव्हे. ड्रिप थांबवा, बीपी बघा, डॉक्टरांना कळवा. ते पुन्हा चालू करायला सांगतील तेव्हा वेग निम्मा ठेवा. फाइलवर ‘व्हॅन्कोची ॲलर्जी’ असं सरसकट लिहून ठेवलं तर पुढे त्या पेशंटचं एक कामाचं औषध फुकट जातं.

मेरोपेनेम आलं की फिटच्या गोळ्यांची चौकशी करा. व्हॅलप्रोएट (फिटचं औषध) चालू असेल तर मेरोपेनेममुळे त्याची रक्तातली पातळी खाली येते आणि बंद असलेली फिट परत येते.

मेट्रोनिडाझोलसोबत आणि शेवटच्या डोसनंतर ३ दिवस दारू वर्ज्य. सातपुड्याकडच्या माणसाला ‘दारू पिता का?’ विचारून उपयोग नसतो. मोहाची, ताडी अशी नावं घेऊन विचारा, तेही नातेवाईक जवळ नसताना. तोंडाला धातूसारखी चव येईल, लघवी गडद होईल, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून गोळी बंद होते.

सिप्रोफ्लॉक्सासिन दूध-दह्यासोबत नको. लोहाची गोळी किंवा ॲन्टासिड असेल तर सिप्रो त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. डॉक्सिसायक्लिन बसून, पेलाभर पाण्यासोबत, आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. या गोळीवर उन्हात कातडी भाजते, म्हणून शेतात जाणाऱ्याला टोपी-उपरण्याचं बजावून पाठवा.

रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पहिल्या डोसच्या आधी, मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. मात्र पेशंट सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याच्या अवस्थेत) असेल तर शीर मिळत नाही म्हणून डोस ताटकळत ठेवू नये.

लहान मुलांच्या ड्राय सिरपचं घरी सगळ्यात जास्त बिघडतं. आधी बाटली हलवून पावडर मोकळी करायची, मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. अमॉक्सिक्लॅव्ह फ्रिजमध्ये आणि ७ दिवसच. घरी फ्रिज नसेल तर डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांना सांगून पाण्यात विरघळणारी गोळी लिहून घ्या. पाणी घातल्याची तारीख बाटलीवर पेनाने टाका, नाहीतर पुढच्या तापाला तीच बाटली फळीवरून खाली निघते.