छाती अलग काढा जी

उमरेड सोडून भिवापूरकडे जाताना एका ढाब्यावर पाण्याचा जग ठेवता ठेवता पोऱ्याने विचारलं, "तितर हाय, लावू का?" इतकं हळू, की कूलरच्या घरघरीत अर्धं विरून गेलं. मेनूकार्डावर तितर नव्हता. मी नाही म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे चौघे हो म्हणाले आणि साडेचारशेची एक अशा दोन प्लेटा आल्या. वर बोटभर तर्री, खाली चार तुकडे.

त्यातली एक तंगडी चोखून ताटाच्या कडेला आली तेव्हा मला राहवलं नाही. अख्खा तितर पिसांसकट अडीचशे-तीनशे ग्रॅमचा, त्याच्या तंगडीचं हाड करंगळीएवढं. हे हाड माझ्या मधल्या बोटाहून पेरभर लांब आणि पेन्सिलीपेक्षा जाड होतं. रश्श्यात पिवळ्या चरबीचा गोळाही दिसत होता. तितराच्या पोटात एवढी चरबी साठतच नाही. अंडी देऊन थकलेली लेअर कोंबडी होती ती. चौघे मात्र "रानचं ते रानचंच" म्हणत घाम पुसत होते.

आणि खराच तितर असता तर? १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याची शिकार गुन्हा आहे, आणि विकत घेणाराही त्यात अडकतो. कायदा बाजूला ठेवला तरी तो पक्षी कशाने मेला हे ताटात कळत नाही. फासात अडकून सकाळपासून उन्हात लटकला होता की कीटकनाशक लावलेलं बियाणं टिपून पडला होता, मसाला दोन्ही सारखंच झाकतो. कापसाच्या मुलखात दुसरी शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

पुढचे दोन दिवस ताडोबाच्या बाजूला गेले. वाघ दिसला. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

ज्यासाठी हे लिहितोय ते नागभीड आणि ब्रह्मपुरीच्या मधल्या एका गावात झालं. धान निघून गेलेल्या बांध्या, मोहाचा वास, आणि अंगणात पंधरा-वीस गिनी कोंबड्या. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, बोडकं डोकं, आणि गंजलेली रहाट ओढावी तसा आवाज. मूळची आफ्रिकेची ही जात आता पुरती पाळीव आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने हिचे कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी असे वाण काढलेत. गावात लोक पाळतात ते मांसापेक्षा राखणीसाठी. साप, मुंगूस, अनोळखी माणूस, काहीही दिसलं की अख्खा कळप बोंबलतो. शेजाऱ्यांना ते सोसावं लागतं. मला एका रात्रीत पुरे झालं.

"मादी नाही देत जी, अंड्यावर हाय," त्या घरच्या काकू म्हणाल्या. नर-मादी ओळखायची कशी, तर आवाजावरून: मादी दोन तुकड्यांत ओरडते, नर एकाच सुरात किटकिट करतो. नराचे गालाखालचे लाल लोंबते पदरही मोठे आणि वाटीसारखे वळलेले. आठशे रुपयांना नर ठरला. महाग वाटला, पण ढाब्यावरच्या दोन 'तितरां'पेक्षा स्वस्त.

रानचं म्हणून लोक जी चव शोधत हिंडतात ती चालत्या-पळत्या पक्ष्याच्या गडद, चरबी नसलेल्या मांसाची असते. ती या पक्ष्यात आहे. कातडी काढलेल्या कच्च्या १०० ग्रॅम गिनी मांसात साधारण ११० कॅलरी, साडेवीस ग्रॅम प्रथिनं आणि अडीच ग्रॅम चरबी. फेझंट, म्हणजे आपल्या मोराचा आणि रानकोंबड्याचा विलायतेत शिकारीसाठी पाळला जाणारा भाऊबंद, त्याचे आकडे १३३ कॅलरी, साडेतेवीस ग्रॅम प्रथिनं, साडेतीन ग्रॅम चरबी. कातडीसकट घेतला तर फेझंटची चरबी नऊ ग्रॅमवर जाते, आणि कातडीसकट साध्या कोंबडीची पंधरावर. आपण मात्र हलकं मांस आणतो आणि त्यावर तर्री ओततो. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. दोन चमचे तर्रीत शंभर ग्रॅम मांसाच्या दुप्पट कॅलरी आल्या, हे सांगणारा मी स्वतः भाकर तर्रीतच बुडवतो.

आता चूल. आदल्या दिवशी सकाळपासून पक्ष्याला दाणा बंद, पाणी चालू. गळ्यातली दाण्याची पिशवी आणि आतडी रिकामी असली की कापताना घाण मांसावर सांडत नाही. संध्याकाळी कापला. काकूंनी आधी छातीच्या हाडाचं मागचं टोक अंगठ्याने दाबून दाखवलं. ते कूर्चेसारखं वाकलं म्हणजे पक्षी कोवळा, चार-साडेचार महिन्यांचा. वाकलं नाही तर म्हातारा, मग त्याची छाती वेगळी शिजवायच्या भानगडीत पडू नये, सगळा रश्श्यात घालावा. फेझंटलाही हीच खूण लागू पडते. त्याच्या नराच्या पायाचा काटा आखूड आणि बोथट असला की तो कोवळा, लांब आणि अणकुचीदार असला की जुना.

पिसं काढायला उकळतं आणि साधं पाणी निम्मं-निम्मं. एप्रिलमध्ये साधं पाणीच तीस अंशांचं असतं, तेव्हा मिश्रण ६५ च्या आसपास येतं. त्यात पाऊण ते एक मिनिट, पाय धरून ढवळत. उकळत्या पाण्यात बुडवला की कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. आपल्याकडे बरेच जण हा व्यापच टाळतात आणि कातडी सरळ ओढून काढतात. ब्रॉयलरला ते चालतं. या पक्ष्याच्या छातीवर चरबीचं एवढंच पांघरूण असतं, तेही गेलं तर विस्तवापुढे मांस उघडं पडतं. काकूंनी लव जाळून घेतली, हळद चोळली आणि कातडी ठेवली. पोट उघडताना कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी अख्खी काढायची. फुटली तर हिरवा डाग पडलेला तुकडा कापून टाकायचा, धुऊन कडवटपणा जात नाही.

पाहुणा आला, कोंबडा कापला आणि तासाभरात चुलीवर चढवला, ही आपली पाहुणचाराची रीत मला कधीच पटली नाही. मेल्यानंतर काही तास स्नायू ताठरलेले असतात, त्या अवस्थेत शिजवलं की चिवटपणा मुक्कामाला राहतो. मग बाई म्हणते पक्षी जून होता आणि पाहुणा म्हणतो चूल मंद होती. साफ केलेला पक्षी पातेल्यात झाकून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवला की तो सैल पडतो. खालीच, कारण वर ठेवला तर त्याचं पाणी दह्यादुधावर गळतं. विलायतेत फेझंट पिसांसकट चार-चार दिवस टांगून ठेवतात ते वाचून आपल्याकडेही कुणाकुणाला हुक्की येते. तिथे ते थंड खोलीत, चार-पाच अंशांत टांगतात. विदर्भातल्या पडवीत एप्रिलच्या दुपारी ४३ अंश असतात. पाच ते साठ अंश ही जंतूंची सुगी. पडवीत टांगलेला पक्षी संध्याकाळपर्यंत खाण्याच्या लायकीचा राहत नाही.

सकाळी काकूंनी तंगड्या-मांड्या अलग केल्या, पाठ अलग, आणि कातडीसकट छातीचे दोन फाळके हाडावरून सोडवले. साफ झालेला पक्षी साडेआठशे ग्रॅम भरला, त्यात छाती दोनशेच्या आसपास. मी विचारलं, सगळं एकत्रच का नाही? "छाती अलग काढा जी, नाही त लाकूड होते."

अख्ख्या सावजी वाटेवर ही एक गोष्ट लोक विसरतात. तंगडी दिवसभर पळते. तिच्यातले चिवट पडदे विरघळायला ऐंशी अंशांच्या वर तासभर लागतो. छातीत ते पडदे जवळजवळ नाहीत, चरबीही नाही. ७४ अंशांना ती शिजलेली आणि सुरक्षित असते, ८० च्या पुढे पाणी सोडून कोरडी पडते. एकाच गंजात, म्हणजे पातेल्यात, दोन्ही घातलं तर एक बिघडणारच, आणि बिघडते ती नेहमी छाती.

छातीला अडीच ग्रॅम मीठ, म्हणजे अर्धा लहान चमचा सपाट, लावून तासभर ठेवलं. दह्यात रात्रभर मुरवू नये, पीठ होतं. कच्ची पपई घालायचीच असेल तर किलोला एक लहान चमचा, अर्धा तास, बस.

रश्श्यासाठी दहा भिवापुरी मिरच्या, दोन मोठे चमचे धने, एक चमचा खसखस, एक चमचा ज्वारी, मूठभर सुकं खोबरं, चिमूटभर दगडफूल, कलमीचा तुकडा, दोन लवंगा. सगळं वेगवेगळं भाजायचं, खसखस शेवटी, कारण ती आधी करपते. ज्वारीने रस्सा आळतो. दोन कांदे विस्तवात भाजलेले, बारा लसूण पाकळ्या, अंगठ्याएवढं आलं. पाट्यावर. तेल जवसाचं, चार मोठे चमचे, धूर निघेपर्यंत तापवायचं नाही, कडू होतं. मसाला तेल सोडेपर्यंत परतला, तंगड्या-मांड्या आणि पाठ घातली, पाऊण लिटर गरम पाणी, झाकण, आणि निखारे मागे ओढून घेतले. खळखळा उकळलं की मांस आकसतं. रश्श्यावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा इतकाच जाळ. पन्नास मिनिटांनी तंगडीच्या टोकाला मांस हाडावरून बोटाच्या रुंदीइतकं मागे सरकलं, तेव्हा झालं. घरी कुकर असेल तर शिट्टीनंतर मंद आचेवर पंधरा मिनिटं, पण छाती त्यात नको.

छातीला मसाल्याचा एक चमचा आणि तेलाचा एक चमचा चोळून, कातडी वर करून, पळसाच्या तीन-तीन पानांत गुंडाळलं. निखाऱ्यांवर राख पसरून सहा मिनिटं एका बाजूने, सहा दुसऱ्या. मी थर्मामीटरची सुई खुपसली: ७१. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्या घरात ताप मोजतोय. अजून दोन मिनिटं, ७५. पानं सोडून पाच मिनिटं तशीच ठेवली, मग आडवी कापली. कापल्या जागी पांढरं, ओलसर, हाताला दाबून परत वर येणारं. गुलाबी रंगावरून कच्चं-पक्कं ठरवू नये. गडद मांसाच्या पक्ष्यात शिजल्यावरही हाडाजवळ लाली राहते. सुई नसेल तर सर्वांत जाड जागी टोचून येणारं पाणी स्वच्छ हवं.

आतपर्यंत ७४ अंश, यात मी कुणाचीही भीड धरत नाही. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले, तेव्हापासून इकडे कोंबडीची धास्ती आहे. नीट शिजलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही. जोखीम असते ती आजारी पक्षी कापण्या-सोलण्यात. मान टाकलेला, फुगून बसलेला, तुऱ्याला निळसर पडलेला पक्षी स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. कच्चं मांस नळाच्या धारेखाली धुण्याची सवयही सोडा, शिंतोडे ओट्यावरच्या सांभारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, उडतात. धुवायचंच तर खोल भांड्यात.

परदेशी राहणारे नागपूरकर तिकडचा बंदुकीने मारलेला फेझंट सावजी मसाल्यात करतात, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. छऱ्याचं शिसं मांसात बारीक कणांनी पसरतं, जखमेपासून लांबही, आणि ते दाताला लागत नाही. जखमेभोवतीचं मांस हात सैल सोडून कापून टाका. दही, चिंच, व्हिनेगर त्यात मुरवू नका, आंबटाने शिसं जास्त सुटतं. गरोदर बाई आणि लहान मुलांना तो देऊच नका. पाळलेला, छऱ्याविना मारलेला फेझंट मिळतो, तो घ्या. त्याच्या तंगडीतले हाडासारखे कडक तंतू चिमट्याने ओढून काढा, घशात टोचतात.

जेवण दुपारी एकला झालं. छाती नुसती, मीठ-लिंबू लावून. तंगड्या भाकरीशी. पाठीचा रस्सा भातावर.

निघताना काकूंनी उरलेल्या दोन तंगड्या डब्यात भरल्या. नागपूरला पोचायला एसटीने चार तास, बाहेर ४३ अंश. एवढ्या उन्हात शिजलेलं मांस तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये. मी हे त्यांना समजावून सांगितलं. चेहरा पडला त्यांचा. "मंग इथंच खाऊन जा," म्हणाल्या. अंगणात उभ्याउभ्या दोन्ही खाल्ल्या, गिनी कोंबड्या माझ्यावर बोंबलत होत्या, आणि अडीचची बस गेली.