टोक्यो ते कोबे, एकच 'येत नाही'

जपानी मी पुण्यात शिकले, तिथे नकार म्हणजे शेवटी '-नाइ' लावायचं, बास. येत नाही = कोनाइ, कळत नाही = वाकारानाइ. टोक्योत चार दिवस हेच ऐकलं.

मग हामामात्सुला शिंकान्सेन सोडली, लोकल पकडली आणि बेंतेनजिमाला उतरले, समोर हामाना तलाव आणि पाण्यात उभी लाल तोरी, म्हणजे जपानी देवळाची कमान. मी मात्र एका रेषेसाठी आले होते. 1906 च्या सरकारी भाषा-पाहणीच्या अहवालात पूर्व आणि पश्चिम जपानच्या बोलींची सीमा मांडली गेली, आता तिला इतोइगावा-हामानाको रेषा म्हणतात, वर जपान समुद्राकाठचं इतोइगावा, खाली हा तलाव. पूर्वेला '-नाइ', पश्चिमेला '-न'. रेषा म्हणजे काही कुंपण नाही, आसपास दोन्ही कानावर पडतं, पण नागोयात पोचले आणि जेवायला बसले तर शेजारच्या टेबलावर वाकारान, कोन, सगळीकडे न! मला इतका आनंद झाला की जेवण गार झालं.

खरी मजा क्योतोत. बसस्टॉपवर एक आजी घड्याळ बघून म्हणाल्या, "बासु, कीहिन ना". म्हणजे बस येईना. मी विचारलं तर त्यांनी हसून तीनदा म्हणून दाखवलं आणि म्हणाल्या ओसाकात केएहेन म्हणतात हो, आमच्यात कीहिन. अर्ध्या तासावरच्या शहरात क्रियापदाचा स्वरच बदलतो! हे 'हेन' आलंय 'वा सेन' वरून, म्हणजे 'येणं काही करत नाही' अशी जुनी रचना, बोलता बोलता आक्रसली आणि स चा ह झाला, कानसाइत, म्हणजे क्योतो-ओसाका-कोबेच्या या भागात, नावामागच्या आदरार्थी 'सान' चं 'हान' होतं तसंच. माझी आई गोव्याची, ती 'बस येना' म्हणते, तिथेही नकार क्रियापदालाच चिकटलेला, त्यामुळे मला हे एकदम घरचं वाटलं.

ओसाकात केएहेन ऐकलंच, आणि कोबेत स्टेशनवर कॉलेजची मुलं मित्राची वाट बघत होती, त्यांच्या तोंडी कोओहेन, म्हणजे केएहेन आणि कोनाइ यांची सरमिसळ. वहीत लिहून घेतलं.

आता शिकोकू बेटावरचं कोची राहिलंय, तिथली जुनी माणसं 'गेलो नाही' ला इकाझात्ता म्हणतात, ते प्रत्यक्ष ऐकायचंय.