हनुवटीवरचे तीन ठिपके

2025 च्या आषाढातली गोष्ट. सोमवारी रात्री स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर बंद पडला तो पुन्हा सुरूच झाला नाही. फोटो दुसऱ्या डिस्कवर ठेवलेले असल्याने वाचले, पण फोटोशॉप गेलं. 2003 साली विट्यात स्टुडिओ टाकला तेव्हा एका ओळखीच्याने फोटोशॉप 7 ची सीडी दिली होती. ती विकत घेतलेली नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. बावीस वर्षं तिच्यावर घर चाललं. आता नव्या मशीनमध्ये पुन्हा तीच सीडी घालायला हात धजेना. मुलगी पुण्याहून सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "बाबा, महिन्याचे पैसे भरून रीतसर घ्या, नाहीतर जिंप वापरा, फोटोशॉपसारखंच पण फुकट आहे. पण ती सीडी नको." आषाढात लग्नं नसतात, गल्ल्यात पासपोर्ट फोटोंचेच काय ते पैसे. मंगळवारी तिने जिंप टाकून दिलं.

जिंप तसं नवीन नाही. 1995 मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस यांनी, ते लिहायला घेतलं. आज ठिकठिकाणचे लोक मिळून ते सांभाळतात आणि फुकट देतात. 2025 च्याच मार्चमध्ये त्याची 3.0 आवृत्ती आली होती. एवढं सगळं मला मुलीने सांगितलं, आणि बुधवारी सकाळी ती मावशीकडे गेली.

दुकान उघडून तासही झाला नसेल, तर एक म्हातारे आजोबा आले. धोतर, डोक्याला पटका, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो. आजी गेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरकार्य होतं. घरात आजींचा एकटीचा फोटो एकही नव्हता. पिशवीत होता तो पुतणीच्या लग्नातला, वीसेक माणसांचा. त्यात दुसऱ्या रांगेत आजी, चेहरा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. त्यावर बुरशीचे डाग, आणि कागद तो जुना सिल्कचा, बारीक जाळी उठलेला. त्यातून 12 बाय 18 ची फ्रेम करायची होती.

जाळीचा उपाय माझ्या हातातला आहे. स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडतो, त्यामुळे कागदाचे उंचवटे चमकतात आणि चेहऱ्यावर ठिपक्यांची चाळण दिसते. म्हणून फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करायचा. मग दुसरा स्कॅन सरळ करून पहिल्यावर अचूक बसवायचा आणि वरच्या लेअरची, म्हणजे थराची, ओपॅसिटी (गडदपणा) 50 टक्के करायची. दोन बाजूंचा उजेड एकमेकांत मिसळतो आणि जाळी बरीचशी विरते. 1200 डीपीआयला दोन स्कॅन घेतले, जिंपमध्ये एकावर एक ठेवले. इथवर ठीक चाललं होतं.

पुढे हात फसायला लागले. सिलेक्शन, म्हणजे निवडलेला भाग, सोडायला मी कंट्रोल-डी दाबायचो, तर जिंपमध्ये त्याने अख्ख्या फोटोची नवी प्रत उघडते. दहा मिनिटांत माझ्यासमोर आजींच्या सात प्रती झाल्या. कंट्रोल-जे दाबून लेअरची कॉपी होईना. बोटं बावीस वर्षांच्या सवयीने चालत होती आणि प्रत्येक वेळी भलतंच घडत होतं. मला घाम फुटला. आजोबा बाकावर बसून बघत होते. संध्याकाळी पाचच्या आत फाइल लॅबला गेली नाही तर दुसऱ्या दिवशी त्या आजींच्या फोटोला हार घालता येणार नव्हता, एवढंच डोक्यात होतं.

हीलिंग ब्रशवर तर माझा सगळा धंदा. 2002 मध्ये फोटोशॉप 7 मध्येच तो पहिल्यांदा आला, आणि मी त्याच्यावरच शिकलो. आल्ट दाबून चांगल्या कातडीवर एक क्लिक, डागावर एक फटकारा, डाग गेला. मिनिटाला तीस-चाळीस डाग जायचे, डोळे नुसते पुढचा डाग शोधत असायचे. जिंपमध्ये तेच हत्यार आहे, पण जागा धरायला आल्टऐवजी कंट्रोल लागतो. त्यामुळे प्रत्येक डागापाशी थांबायचं, कुठलं बटण ते आठवायचं, मग क्लिक करायचं. कपाळ झालं, गाल झाले. हनुवटीवर आलो. तिथे तीन काळपट ठिपके होते, कपाळावरच्या बुरशीच्या डागांएवढेच. कंट्रोल दाबला, कातडीची जागा धरली, आणि ब्रश किती मोठा आहे ते बघायला थांबलो.

मागून आवाज आला, "मालक, त्ये पुसू नगासा. त्ये डाग न्हवं. गोंदण हाय तिचं."

आजोबा बाकावरून उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे होते. मी फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी पडद्याला बोट न लावता, हवेतच एकेक ठिपका मोजला. म्हणाले, लग्नाआधी जत्रेत गोंदून घेतलेलं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. मग स्वतःहून पुढे म्हणाले, "कपाळावर बी एक हाय, कुकवाखाली." मी तो तासाभरापूर्वीच पुसला होता. अनडू करत करत मागे गेलो. कुंकवाच्या खालच्या कडेला खरंच एक निळसर ठिपका होता.

त्यांना खुर्ची देऊन शेजारी बसवलं. पुढचा प्रत्येक डाग त्यांना दाखवून विचारला. हा? "पुसा." हा? "ती मस हाय, ऱ्हाऊ द्या." नाकात मोरणी होती, फोटोत ती पांढऱ्या डागासारखी दिसत होती, तीही त्यांनीच ओळखली.

खालचा मजकूर नातवाने कोइमतूरहून व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी अशीच देशभर पांगलेली आहेत. माझी श्रद्धांजलीची जुनी फ्रेम जिंपमध्ये उघडली खरी, पण तिच्यातली अक्षरं चित्र होऊन आली, त्यामुळे मजकूर नव्याने टाकणं भाग होतं. आजवर मी मराठी श्रीलिपीतच, त्या जुन्या पद्धतीच्या फाँटांतच, टाइप करत आलो. त्या वेळच्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी, म्हणजे फोनवर लिहितो ती, चालायची सोय नव्हती, आलेला मजकूर पुन्हा बसून टाइप करावा लागायचा. सवयीने कागद घेऊन उतरवायला बसलो होतो. मग म्हटलं, एकदा चिकटवून तरी बघू. नातवाचा मेसेज कॉपी करून पेस्ट केला, मुक्ता फाँट निवडला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'मधला रफार 'ण'वर, 'द्धा' नीट जोडलेला, सगळं जागच्या जागी. त्या पोराने परगावी बसून आजीसाठी लिहिलेली अक्षरं जशीच्या तशी फ्रेमवर आली.

पाचला दहा मिनिटं कमी असताना फाइल गेली. रात्री प्रिंट आली, फ्रेम केली. आजोबांनी ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली. पैसे घ्यायला मला अवघड वाटत होतं, पण त्यांनी मोजून दिले.

ते गेल्यावर मी दुकान बंद केलं नाही. जुनी डिस्क लावली आणि श्रद्धांजलीचे फोल्डर एकेक करून उघडले. मूळ स्कॅन सगळ्यांचे ठेवलेले नव्हते, पण जिथे होते तिथे शेजारी शेजारी लावून पाहिले. सात आज्या अशा निघाल्या, ज्यांच्या मूळ फोटोत हनुवटीवर किंवा कपाळावर गोंदण आहे आणि माझ्या फ्रेममध्ये नाही. डाग समजून, भराभर, मीच पुसलेलं. घरच्यांनीही तेव्हा कुणी काही म्हटलं नव्हतं.

मुलगी परत आल्यावर तिने कंट्रोल-डी तेवढं बदलून दिलं. बाकीची बटणं मी तिला तशीच ठेवायला सांगितली. त्या सातपैकी चार घरांचे नंबर सापडले, फोन केले. एका घरच्यांनी भिंतीवरून फ्रेम उतरवून आणून दिली आहे. तिच्यावर सध्या काम चालू आहे.