माथेरान: दस्तुरीला कोणी काहीही सांगो, शटल चालू असते

पहिलं हेच सांगतो, दस्तुरी नाक्यावर (माथेरानात गाड्यांना बंदी, त्या इथेच थांबतात) कोणी "काका, ट्रेन बंद आहे" म्हणालं की हो म्हणायचं आणि सरळ पुढे चालायला लागायचं. मार्च 2025 मध्ये पर्यटकांच्या फसवणुकीला कंटाळून खुद्द गावकऱ्यांनीच माथेरान बंद ठेवलं होतं. ती बातमी मी वाचलेली, बायकोला मोठ्याने वाचून दाखवलेली, आणि तरी जुलैत तिथेच गंडलो.

झालं असं, बायको आणि आत्याला घेऊन पायथ्याच्या नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरीला उतरलो, धो धो पाऊस, गेटवर माणशी 50 ची पावती फाडली आणि ती खिशात जायच्या आत एक जण माझ्या छत्रीत शिरला. ट्रेन बंद, पुढे सात-आठ किलोमीटर जंगल, आत्यांना झेपणार नाही वगैरे. यातलं थोडं खरं असतं म्हणून तर माणूस फसतो. नेरळहून वर येणारी गाडी पावसाळ्यात बंदच असते, पण अमन लॉज ते माथेरान शटल, म्हणजे तीच छोटी गाडी जवळच्या फेऱ्या मारते ती, चालू असते आणि अमन लॉज स्टेशन गेटपासून पाचेक मिनिटांवर आहे. तिथून बाजार जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, रुळाच्या कडेकडेने पाऊण तास. हे ज्ञान मला तीन घोड्यांचे 2,100 मोजल्यावर मिळालं, अर्ध्या वाटेत शेजारून शिट्टी मारत गाडी गेली तेव्हा. घोडेवाला खाली वाकून उगाचच खोगिराचा पट्टा आवळत बसला. आत्या वरून विचारतेय, "अरे, ही कुठली गाडी मग?"

बरं, घोडाही सुखाचा नाही. लाल चिखल, त्यात लीद, आणि जिथे पेव्हर ब्लॉक घातलेत तिथे ओल्यात घोड्याचा पाय सटकतो. माझ्या घोड्याचा दोनदा सटकला. माझं स्पष्ट मत, गुडघे धड असतील तर चालतच जा, ग्रिपचे बूट घाला, पांढरी पँट घालणाऱ्याने घरी बसावं. घोडा हवाच असेल तर रेटबोर्ड वाचून, कुठपर्यंत आणि किती ते बसायच्या आधी ठरवा.

हातरिक्षा तेव्हा चालू होत्या. एक जण पुढे दांडा धरून, मागून दोघं ढकलतायत, आत एक जाडसर गृहस्थ मोबाईलवर रील बघतायत. मागच्या दोघांपैकी एकाच्या पायात स्लीपर, ती चिखलात रुतली की तो पायानेच उचलून परत घालायचा, रिक्षा न थांबवता. नंतर ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांत ही प्रथा बंद करायला सांगितलं. 1850 मध्ये मॅलेट नावाच्या कलेक्टरने हे ठिकाण शोधलं म्हणतात, तेव्हापासून साहेब बसणार आणि दुसरा ओढणार. आता ई-रिक्षा आहेत, पण लाईन बघून मगच ठरवा.

दुसरा दिवस शार्लोट लेक, पिसारनाथचं देऊळ, इको आणि लुईझा पॉइंट असा गेला, मस्त होता, रस्ता कोणालाही विचारा. गावातली माणसं खरं सांगतात, गडबड सगळी गेटवरच आहे. बाजारातल्या चिक्कीवाल्याने तर घोड्याचा आकडा ऐकून कपाळावर हात मारला आणि पाव किलो चिक्की जास्त बांधली. ती पिशवी मात्र पाच मिनिटांत माकडाने नेली, तेव्हा खाऊ सॅकमध्ये ठेवा, हातात नको. शनिवार-रविवारी जाऊच नका, शटलच्या तिकिटाला ही लाईन असते.

परतताना आम्ही चालत आलो. गेटजवळ तोच गडी एका पुणेकर जोडप्याच्या छत्रीत. मी मुद्दाम थांबून म्हणालो, शटल चालू आहे, स्टेशन इथेच आहे. जोडप्यातल्या नवऱ्याने माझी चिखलाने भरलेली पँट खालपासून वरपर्यंत बघितली, बायकोला म्हणाला, "बघ, चालत गेलं की हे असं होतं," आणि दोन घोडे सांगितले.