त्रैक्याला शास्त्राचा आधार: १ योहान ५:७ आधी बाजूला ठेवा

त्रैक्याचा, म्हणजे एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा आहे या शिकवणीचा विषय निघाला की बायबल अभ्यासात कुणीतरी हमखास १ योहान ५:७ (योहानाच्या पहिल्या पत्रातली ओवी) काढतं. 'स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत: पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत.' ऐकायला वाद मिटवणारं वचन. पण ते योहानाचं नाही. ज्यांची त्रैक्यावर श्रद्धा आहे, त्यांनीच हे पहिल्यांदा मान्य करावं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या हातातली प्रत उघडून ७वी आणि ८वी ओवी बघा. साक्षीदार फक्त आत्मा, पाणी आणि रक्त असतील, तर ती प्रत जुन्या हस्तलिखितांना धरून आहे. 'स्वर्गात' आणि 'पृथ्वीवर' असे दोन गट दिसले, तर ते जादा वाक्य त्यात आहे. सिनाई, व्हॅटिकन आणि अलेक्झांड्रिया या ४थ्या-५व्या शतकातल्या तिन्ही मोठ्या ग्रीक पोथ्यांत ते नाही. १४व्या शतकापूर्वीच्या एकाही ग्रीक पोथीच्या मूळ मजकुरात ते सापडत नाही. त्याचा माग लागतो लॅटिनमध्ये, ४थ्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या प्रिसिलियन या बिशपच्या लेखनात. आत्मा, पाणी आणि रक्त यांचा रूपकात्मक अर्थ कुणीतरी समासात लिहिला आणि पुढच्या नकलकाराने तो मजकुरात घेतला, हेच सर्वांत पटण्यासारखं कारण आहे. हाताने नकला होत असत तेव्हा अशी चूक नेहमीचीच होती.

इरॅस्मस या डच विद्वानाच्या छापील ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत हे वाक्य नव्हतं. त्यावरून गदारोळ झाला. मग ते वाक्य असलेली एक ताजी ग्रीक पोथी पुढे आली (ती आज डब्लिनला आहे) आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत वाक्य शिरलं. तिथून ते १६११ च्या इंग्रजी बायबलात आणि त्याच्या आधारे झालेल्या अनेक भाषांतरांत पोचलं.

'पाखंड्यांनी ते काढून टाकलं' असा बचाव ऐकू येतो. तो टिकत नाही. नाझियान्झसचा ग्रेगरी हा ग्रीक धर्मगुरू ४थ्या शतकात आत्म्याच्या देवत्वासाठी झगडत होता. आपल्या ३१व्या प्रवचनात तो नेमकी हीच ओवी घेतो, 'तीन' या शब्दाच्या व्याकरणावर बोलतो, आणि तरी फक्त आत्मा, पाणी आणि रक्त यांचाच उल्लेख करतो. हुकमाचं पान हातात असतं तर ते त्याने तिथेच टाकलं असतं. म्हणजे त्रैक्याचा सिद्धांत या वाक्याशिवायच उभा राहिला.

मग तो कशावर उभा आहे? माझ्या मते सुरुवात १ करिंथ ८:६ पासून करावी. त्याआधी जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातली ६:४ वाचा: इस्राएलाचा देव परमेश्वर एकच आहे. धार्मिक यहुदी हे रोज म्हणतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात या कबुलीचे मुख्य शब्द तीन: 'क्युरिऑस' म्हणजे प्रभू, 'थेऑस' म्हणजे देव, 'हाइस' म्हणजे एक. आता करिंथच्या मंडळीला पत्र लिहिणारा प्रेषित पौल काय करतो पाहा. 'एकाखेरीज दुसरा देव नाही' असं ८:४ मध्ये बजावल्यावर दोनच ओव्यांनी तो हे तिन्ही शब्द उचलतो आणि वाटून देतो: एकच देव, म्हणजे पिता, ज्याच्यापासून सर्व काही, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही. त्याने दुसरा देव जोडला नाही. एकाच देवाच्या कबुलीच्या आत त्याने येशूला ठेवलं. हे पत्र साधारण इ.स. ५५ चं, म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीसएक वर्षांचं. सिद्धांताची मांडणी करणारी चर्चची नायसियाची परिषद भरायला अजून २७० वर्षं होती.

मराठी वाचकाला हा धागा सहज दिसत नाही, कारण आपल्याकडे जुन्या करारात 'परमेश्वर' आणि नव्यात 'प्रभू' असे दोन शब्द रुळले. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी 'क्युरिऑस'च आहे. म्हणून योएल २:३२ आणि रोम १०:१३ शेजारी ठेवून वाचा. योएल ज्याचा धावा करायला सांगतो तो परमेश्वर. पौल तेच वचन येशूबद्दल बोलताना वापरतो. तसंच यशया ४५:२३ आणि फिलिप्पै २:१०-११. परमेश्वरापुढे टेकणारा प्रत्येक गुडघा तिथे येशूच्या नावाने टेकतो.

एका ठिकाणी मात्र मराठी फार कामाला येते. मत्तय २८:१९ मध्ये पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी तीन नामं आहेत, पण बाप्तिस्मा 'नावाने' आहे, 'नावांनी' नाही. ग्रीकमध्येही एकवचनच आहे. एवढ्यावर सिद्धांत उभा करू नये, पण ओवी वाचताना हे सुटूही नये.

योहान १०:३० मध्ये उलट अडचण. 'मी आणि पिता एक आहो' यातला मराठी 'एक' लिंग दाखवत नाही. ग्रीकमध्ये तो नपुंसकलिंगी 'हेन' आहे, पुल्लिंगी 'हाइस' नाही. म्हणजे दोघे मिळून एकच व्यक्ती असा अर्थ तिथे निघत नाही. त्रैक्य समजावताना दिला जाणारा पाणी, बर्फ आणि वाफ हा दाखला म्हणूनच चुकतो: एकच पाणी वेळोवेळी रूप बदलतं, पण येशूच्या बाप्तिस्म्यात, लूक ३:२१-२२ मध्ये, पुत्र बाप्तिस्मा घेऊन प्रार्थना करत असलेला, आत्मा उतरत असलेला आणि पित्याची वाणी, हे सगळं एकाच वेळी आहे.

पवित्र आत्म्याबाबत जपून बोलावं. 'बायबल आत्म्याला तो म्हणतं, म्हणून आत्मा व्यक्ती आहे' हा युक्तिवाद मराठीत तर बिनकामाचा, कारण आत्मा हा शब्द आपल्याकडे पुल्लिंगीच आहे. ग्रीक 'प्नेउमा' नपुंसकलिंगी. योहान १६ मधलं पुल्लिंगी सर्वनाम 'पॅराक्लीट' (कैवारी) या पुल्लिंगी शब्दाशी जुळतं, एवढंच. त्यापेक्षा प्रेषितांची कृत्ये १३:२ घ्या, तिथे आत्मा 'माझ्यासाठी' माणसं वेगळी करायला सांगतो. किंवा ५:३-४, जिथे आत्म्याशी केलेली लबाडी हीच देवाशी केलेली लबाडी ठरते. नुसती शक्ती 'माझ्यासाठी' म्हणत नाही.

विरोधी वचनं झाकून ठेवू नका. 'पिता माझ्याहून थोर आहे' (योहान १४:२८), ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही (मार्क १३:३२), शेवटी पुत्रही अधीन होईल (१ करिंथ १५:२८). पहिल्या दोन्हींना 'येशू हे मनुष्यपणात बोलला' हे उत्तर देता येतं. तिसऱ्याला ते पुरत नाही, कारण तिथे गौरवी ख्रिस्ताबद्दल बोलणं चालू आहे. तिथे पुत्रत्वाचा क्रम आणि स्वरूपाची बरोबरी या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. असा फरक करायला शास्त्र जागा देतं, पण तो शास्त्राच्या शब्दांत लिहिलेला नाही. 'एकाच तत्त्वाचा' हा नायसियाचा ३२५ चा शब्दही बायबलात नाही. 'त्रैक्य' हा शब्दही नाही. ते शब्द नंतरचे आहेत, आणि तसं सरळ सांगावं. एकच देव, येशूची उपासना, आणि पिता व पुत्र यांच्यातला खराखुरा संवाद, यांतलं काहीही न सोडता बोलायचं ठरवल्यावर सापडलेले ते शब्द आहेत.

अभ्यास घेणाऱ्याने पहिल्या बैठकीला एवढंच करावं: अनुवाद ६:४ आणि १ करिंथ ८:६ एका पानावर समोरासमोर लिहावं, 'एक', 'देव', 'प्रभू' हे तीन शब्द अधोरेखित करावेत, आणि लोकांना दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचायला सांगावीत. १ योहान ५:७ चा प्रश्न निघालाच, तर वर सांगितलेला त्या वाक्याचा इतिहास न लपवता सांगावा.