ओतकामाची प्रयोगशाळा पुन्हा सुरू करताना : माझा अनुभव

नागपूरच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवते, तेथील ओतकामाची प्रयोगशाळा एका अपघातानंतर बंद करण्यात आली होती आणि ती सुरक्षितपणे पुन्हा सुरू करण्याचे काम प्राचार्यांनी माझ्याकडे सोपवले. अपघात एप्रिलमधल्या दुपारच्या प्रात्यक्षिकात झाला होता. वाळूच्या साच्यांत ॲल्युमिनियमचा रस ओतून झाल्यावर मुशीत, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्यात, थोडा रस उरला आणि तो नेहमीप्रमाणे भिंतीलगतच्या लोखंडी साच्यात रिकामा केला जात असताना मोठा आवाज होऊन रस वर उडाला. एका विद्यार्थ्याचा हात आणि पाऊल भाजले. पावलाची जखम अधिक खोल होती, कारण त्याच्या जाळीदार खेळाच्या बुटातून आत गेलेला रस तेथेच अडकून राहिला. तो विद्यार्थी आज बरा आहे, परंतु त्या सत्राची परीक्षा त्याला देता आली नाही.

चौकशी अहवालात कारण म्हणून विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणाचा उल्लेख होता. तो अहवाल मी अनेकदा वाचला आणि तो निष्कर्ष मला मान्य झाला नाही. मुलाने शिकवल्याप्रमाणेच ओतले होते. अहवालाला जोडलेल्या छायाचित्रात तो लोखंडी साचा खोलीतील कूलरच्या अगदी खाली ठेवलेला दिसतो आणि माझ्या मते खरे कारण त्या छायाचित्रात आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि कूलरशिवाय येथे एकही वर्ग चालत नाही. परंतु कूलर म्हणजे ओल्या ताट्यांमधून खोलीत ढकललेली दमट हवा, आणि ताट्या जुन्या झाल्या की तिच्यासोबत पाण्याचे बारीक तुषारही येतात. उघड्यावर पडलेल्या साच्यावर ते तुषार महिनाभर बसत राहिले, तर त्यावर गंज चढतो आणि त्या गंजाच्या सच्छिद्र थरात ओलावा मुरून राहतो. वरून पाहणाऱ्याला साचा कोरडाच वाटतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतताना ते साधारण ७०० ते ७५० अंशांवर असते. त्याच्याखाली अडकलेल्या एक मिलिलिटर पाण्याची त्या तापमानाला चार लिटरांहून अधिक वाफ होते, आणि बाहेर पडायला वाट नसल्याने ती वाफ वरचा रस उडवून देते. पाण्याचा थेंब रसाच्या पृष्ठभागावर पडला तर तो बहुधा चुरचुरून उडून जातो. रसाखाली अडकलेला थेंब मात्र अतिशय घातक असतो. त्यातच गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, आणि तप्त ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन प्रचंड उष्णता निर्माण होते, म्हणून गंजलेला साचा दुहेरी धोक्याचा ठरतो.

नागपूरच्या परिसरात दारूगोळ्याचे आणि स्फोटकांचे कारखाने आहेत, स्फोटकांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयही याच शहरात आहे. त्यामुळे स्फोट म्हटला की आमच्याकडे सर्वांच्या डोळ्यांपुढे बारूद येते. निव्वळ पाण्याने स्फोट होऊ शकतो, हे प्रयोगशाळेला परवानगी देणाऱ्या समितीतील सहकाऱ्यांना पटवून देण्यात माझे बरेच दिवस गेले.

कारखान्यातील कामगारासाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने निरीक्षकाची व्यवस्था केली. विद्यार्थी हा त्या अर्थाने कामगार नसतो. बाहेरून कोणी तपासायला येणार नव्हते, म्हणून तपासणी आम्हालाच कठोरपणे करावी लागणार होती. हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत आयुष्यभर ओतकाम केलेले एक निवृत्त कारागीर आमच्या विनंतीवरून प्रयोगशाळा पाहायला आले. त्यांनी आधी भट्टीकडे पाहिलेसुद्धा नाही. ते थेट साच्यांकडे गेले, एक साचा उलटा करून त्याच्या तळावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "मॅडम, साचा कोरडा दिसते म्हणजे कोरडा असते असं नाही. शेगडीवर ठेवा, वाफ निघाची थांबली का मंग रस ओता." मुलांनीही त्यांना काकाच म्हणायला सुरुवात केली आणि पुढे आम्ही लिहिलेल्या कार्यपद्धतीत त्यांनी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी आल्या.

पहिला निर्णय कूलर काढण्याचा होता आणि त्याला सर्वाधिक विरोध झाला. इतक्या उन्हात, भट्टीशेजारी, अंगावर जाड संरक्षक पोशाख घालून मुले उभी कशी राहणार, हा आक्षेप रास्त होता, कारण उष्माघात हाही अपघातच आहे. अखेरीस धातू वितळवण्याची सर्व प्रात्यक्षिके सकाळच्या पहिल्या तासांत घ्यायची, शक्यतो फेब्रुवारीअखेर संपवायची, आणि गरम हवा बाहेर काढण्यासाठी छताजवळ मोठे पंखे बसवायचे असे ठरले. वेळापत्रक बदलणे हे पंखे विकत घेण्याहून अवघड गेले. कूलर आता शेजारच्या वर्गात आहे आणि प्रात्यक्षिकाच्या मधल्या वेळेत मुले तेथे जाऊन बसतात, पाणी पितात.

त्यानंतर खोलीतील पाण्याची प्रत्येक जागा शोधली. हात धुण्याचे बेसिन काढले. मुलांच्या पाण्याच्या बाटल्या दाराबाहेर ठेवायच्या असा नियम केला. भिंतीवर टांगलेल्या लाल बादल्यांतील वाळूत खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, थुंकलेला आढळला. आगीवर टाकण्यासाठी ठेवलेली वाळू अशा रीतीने ओली होत असेल, तर तीच अपघाताला कारण ठरेल, म्हणून ती सगळी टाकून भाजून कोरडी केलेली वाळू झाकणाच्या डब्यांत भरली. पेटलेल्या धातूसाठीची वेगळी कोरडी भुकटी असलेले अग्निशामक घेतले, कारण जळत्या धातूवर पाणी मारता येत नाही आणि कार्बन डायऑक्साइडही त्यावर भरवशाचा नाही. ज्या काँक्रीटच्या जमिनीवरून मूस नेली जाते तिच्यावर कोरड्या वाळूचा थर दिला. काँक्रीटमध्येही ओलावा असतो आणि त्यावर रस सांडला की काँक्रीटच्या कपच्या जोराने उडतात, ही गोष्ट मला स्वतःलाही काकांकडूनच नीट समजली.

पाणी आत नको होते, पण ते दाराबाहेर लगेच मिळायला हवे होते. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडणे हा पहिला उपचार आहे. त्वचेला चिकटलेला धातू ओढून काढायचा नसतो, तो पाण्याने गार करायचा आणि काढण्याचे काम रुग्णालयावर सोपवायचे. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काहीही लावायचे नाही. म्हणून व्हरांड्यात, दारापासून काही पावलांवर, अंगावरून पाणी घेण्याचा नळ बसवला आणि त्याच्या शेजारी १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक रंगवला. नळाचा उंबरा इतका उंच केला आहे की पाणी वाहून प्रयोगशाळेत येऊ शकत नाही.

कच्च्या मालाबाबत आम्ही भंगार पूर्णपणे बंद केले. पूर्वी मुले घरून जुने पिस्टन, शीतपेयांचे डबे, भांड्यांचे कान आणत असत आणि त्यांच्या पोकळीत तेल किंवा पाणी राहिलेले असे. आता ज्याची घडण माहीत आहे अशा मिश्रधातूच्याच विटा, म्हणजे साधारण १० ते १३ टक्के सिलिकॉन असलेला एलएम-६, वापरला जातो. विटा, ढवळण्याची सळई, मळी काढण्याची पळी, रिकामा करण्याचा साचा हे सगळे भट्टीच्या झाकणाजवळ तापवल्याशिवाय रसाजवळ न्यायचे नाही. मूसही ओलावा शोषते, म्हणून तीही आधी सावकाश तापवावी लागते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हा नियम अधिक काटेकोरपणे पाळतो.

पोशाखाचा प्रश्न मला सर्वाधिक जिव्हाळ्याचा वाटला. आमच्या मुलांचे वर्कशॉपचे एप्रन बहुतेक टेरीकॉटचे, म्हणजे कृत्रिम धागा मिसळलेल्या कापडाचे, असतात आणि असा धागा वितळून अंगाला चिकटतो. २००८ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील प्रयोगशाळेत हवेत पेटणाऱ्या रसायनाने एका तरुण संशोधन सहायिकेच्या अंगावरील कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला आणि पुढच्या महिन्यात तिचा मृत्यू झाला. तेथे वितळलेला धातू नव्हता, पण कपड्यांच्या बाबतीत तो प्रसंग मी प्रत्येक तुकडीला सांगते. आता आतील कपडे सुती, पॅन्ट बुटाच्या वरून सोडलेली आणि खाली न दुमडलेली, ओढणी व हातातले दोरे काढून ठेवलेले, डोळ्यांवर चष्मा आणि त्यावर चेहऱ्याची ढाल असा नियम आहे. खरेदी करताना संरक्षक कपड्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ) ११६१२ मधील 'डी' हे अक्षर वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या शिंतोड्यासाठी आणि 'ई' वितळलेल्या लोखंडासाठी असते, हे पुरवठादाराला सांगावे लागले, कारण लोखंडाच्या कसोटीला उतरलेल्या काही कापडांना ॲल्युमिनियम चिकटते.

ओतण्याचा सराव आम्ही थंड मुशीने सुरू केला. रसाच्या वजनाइतकी कोरडी वाळू मुशीत भरून दोन मुले दोन्ही बाजूंनी दांडी धरत आणि तिसरा फक्त आज्ञा देत असे. मूस निसटली तर ती सावरायला जायचे नाही, मागे सरायचे, हा सराव मी मुद्दाम अनेक वेळा करून घेतला. पडती वस्तू झेलायला हात आपसूक पुढे जातो आणि तो नुसत्या सूचनेने थांबत नाही. दिवसाच्या उजेडात सातशे अंशांचे ॲल्युमिनियम चांदीसारखे शांत दिसते, लाल होत नाही, त्यामुळे गोठलेल्या तुकड्यालाही मुले बिनधास्त हात लावू पाहतात. त्यासाठी ओतलेल्या प्रत्येक वस्तूजवळ ती थंड होईपर्यंत 'गरम' ही पाटी ठेवली जाते.

समितीने शेवटी परवानगी दिली, ती काकांच्या देखरेखीखाली झालेले ओतकाम प्रत्यक्ष पाहिल्यानंतर. भाजलेला विद्यार्थी त्या दिवशी स्वतःहून आला होता आणि त्याने पिवळ्या रेषेमागे उभे राहून पूर्ण काम पाहिले. आता एका वेळी चारच विद्यार्थी रेषेच्या आत असतात. पायाचा वरचा भाग झाकणारे, लेस नसलेले बूट आमच्याकडे सध्या चार जोड आहेत आणि उरलेल्या तुकडीसाठीचा प्रस्ताव खरेदी विभागात आहे. तो मंजूर होईपर्यंत पाचवा विद्यार्थी आत येणार नाही, हे मी लेखी दिले आहे.